द्व्यर्थी लावणीचा अर्थनिर्णय

शृंगारिक लावणीवर ‘अश्लील’ असा शेरा मारणे सोपे आहे. तिचा अर्थ लावणे तितके सोपे नाही. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

त्यास निमित्त पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचे. चाकणहून नाशिकच्या वाटेने उत्तरेस गेले की नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे मोटारींचे कारखाने आले. तरी भोवतालच्या गावांतील यात्रा व तमाशा टिकून राहिले.

द्व्यर्थी लावणीचा वाच्यार्थ बहुधा शेतीचा असतो : मळा, ऊस, आंबा, पाखरू. व्यंग्यार्थ शृंगाराचा. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त सूचित अर्थास काव्याचा आत्मा मानले, लावणीची युक्ती त्याच जातीची आहे. मात्र येथे वाच्यार्थ हे एक आवरणही असते. कोणी आक्षेप घेतलाच, तर ‘आम्ही उसाविषयी बोललो’ असे म्हणण्याची सोय त्यात आहे. आवरण पूर्ण काढले की हशाही संपतो. म्हणून सोंगाड्या ते अर्धेच उचलतो. आणि ज्याने मळा पाहिलेला नाही, त्यास त्यातील निम्मा विनोद कळत नाही.

यापुढचा प्रश्न असा की, लावणीतील ‘मी’ कोण? बोलणारी स्त्री असते. रचणारा बहुधा पुरुष. राम जोशी (१७६२–१८१२) आणि पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे दोघेही जन्माने ब्राह्मण. गाणाऱ्या व नाचणाऱ्या स्त्रिया मात्र प्रायः कोल्हाटी, महार, मांग समाजांतील. तेव्हा ते शब्द गायिकेचे आत्मनिवेदन मानणे चूक होय. शर्मिला रेगे यांनी दाखविले आहे की, पेशवाईतील लावणीने कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्रीची विशिष्ट प्रतिमा घडविली व तिच्या शोषणास आधार दिला. उलटपक्षी, विठाबाई नारायणगावकर (मृत्यू २००२) यांच्यासारखी समर्थ कलावती त्याच शब्दांना नजरेने, ठेक्याने, थांबण्याने निराळा अर्थ देऊ शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१९४७ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली व पुढे संहिता तपासण्याच्या अटीवर ती उठविली. १९९५ साली पोर्तो रिको बेटावर पोलिसांनी रेगेटॉन या गीतप्रकाराच्या पूर्वरूपाच्या ध्वनिफिती दुकानांतून जप्त केल्या. दोन्हीकडे तपासले गेले ते शब्द. परंतु कोणी रचले, कोणी गायिले, कोणापुढे आणि कोणत्या गरजेने, हे कागदावर उमटत नाही. आणि लावणीचा अर्थ बव्हंशी तेथेच असतो. अभ्यासकाने संहितेपाशी न थांबता फडापर्यंत जावे, हे उचित.