रेतीतलं तेल आणि धानाचं तूस

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि तवंग रायगडच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचला. पाण्यावरचा तवंग दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. रेतीत मुरलेलं तेल नजरेआड होतं, पण संपत नाही. अलास्कात १९८९ साली ‘एक्सॉन वाल्डेझ’मधून सांडलेलं तेल दोन दशकांनंतरही किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांखाली सापडत होतं. विदर्भातला गोंदिया जिल्हा समुद्रापासून कितीही दूर असो, तेलगळतीला समुद्र लागत नाही. उलटलेला टँकर, गंजलेली भूमिगत टाकी किंवा गॅरेजमागे ओतलेलं जळकं ऑइल पुरेसं असतं. वैनगंगेकाठच्या रेताड जमिनीत ते झपाट्याने खाली उतरतं, आणि विहिरींचं पाणीही त्याच जमिनीतून येतं.

रेतीच्या कणांमधल्या फटींत तेलाचे थेंब केशाकर्षणाने अडकून बसतात. नुसतं पाणी सोडलं तर ते थेंबांना वळसा घालून निघून जातं. हे थेंब सोडवायला नॅनोद्रव कामी येऊ शकतो. नॅनोद्रव म्हणजे सिलिकासारखे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी. रेतीचा दाणा अर्धा मिलिमीटरचा आणि सिलिकाचा कण वीस नॅनोमीटरचा धरला, तर दाणा कणाच्या पंचवीस हजार पट मोठा भरतो. शिकागोतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दर्श वासन आणि अ‍ॅलेक्स निकोलोव्ह यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात यामागची क्रिया मांडली. थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो, तिथल्या निमुळत्या फटीत हे कण थर लावून बसतात. त्यांच्या दाबाने, पाचर ठोकावी तशी, थेंबाची कड उचलली जाते आणि तेल सुटतं.

सुटलेलं तेल जातं कुठे, हा यावरचा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो खरा आहे. नॅनोद्रव थेट जमिनीत सोडला तर अडकून राहिलेलं तेल भूजलात उतरू शकतं, सोबत कणही. म्हणून जागेवर ओतण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. रेती उकरून बंद टाकीत धुवावी, वर आलेलं तेल उपसावं, पाणी गाळून पुन्हा वापरावं. मग ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’सारखे तेलखाऊ जिवाणू असताना हा खटाटोप कशाला? जिवाणू स्वस्त आहेत, पण साचलेलं तेल संपवायला त्यांना महिने लागतात. आधी धुणं आणि उरलेला अंश जिवाणूंवर सोपवणं, हाच शहाणा क्रम आहे.

राहिला खर्च. गोंदियाच्या राईस मिलमध्ये धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग तूस निघतं, आणि त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. तिच्यापासून नॅनोसिलिका बनवणं प्रयोगशाळांत जमलेलं आहे. मात्र बॉयलरची कुठलीही राख चालणार नाही. तूस फार तापलं की सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत, ताबा ठेवूनच ते जाळावं लागतं. आणखी एक गोष्ट गोंदियाच्या बाजूची आहे. खाऱ्या पाण्यात सिलिकाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, गोड्या पाण्यात ते अधिक काळ तरंगत राहतात.

जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांनी आणि मिलमालकांनी मिळून एका टाकीवर तरी चाचणी घ्यावी. धुतलेल्या रेतीत किती तेल उरलं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती कण गेले, हे दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवावेत.