मोर्सेल, लेओंतिन फान
(२२ मार्च १९७०– ). प्रसिद्ध डच महिला सायकलपटू. जन्म नेदर्लंड्सच्या नॉर्थ ब्राबांट प्रांतातील बूकल या गावी. मार्गावरील (रस्त्यावरील) व धावपट्टीवरील अशा दोन्ही प्रकारच्या शर्यतींत तिने उच्च दर्जाचे यश मिळविले. १९९० मध्ये तिने धावपट्टीवरील वैयक्तिक पाठलाग शर्यतीचे, तर १९९१ (श्टुटगार्ट) व १९९३ (ऑस्लो) मध्ये मार्ग-शर्यतीचे जागतिक विजेतेपद पटकाविले. फ्रान्समधील स्त्रियांच्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीतही ती १९९२ व १९९३ मध्ये विजयी झाली.

या शर्यतीत झान्नी लाँगो ही फ्रेंच सायकलपटू तिची प्रमुख प्रतिस्पर्धी होती. डोंगरी चढावर स्वाराच्या शक्तीइतकेच त्याच्या शरीराचे वजनही निर्णायक ठरते. म्हणून फान मोर्सेलने आपले वजन झपाट्याने घटविले. त्यामुळे चढावरील यश मिळाले. तथापि त्याची परिणती मनोजन्य क्षुधानाश या विकारात झाली. १९९४ मध्ये तिला स्पर्धांपासून दूर व्हावे लागले.

उपचारांनंतर ती पुन्हा स्पर्धांकडे वळली. या दुसऱ्या कालखंडात तिचा भर कालमापन शर्यतीवर होता. या शर्यतीत स्वार एकेकटे सुटतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा विजयी ठरतो. सपाट मार्गावर हलक्या शरीरापेक्षा सातत्याने वापरता येणारे स्नायुबल अधिक उपयोगी पडते. १९९८ मध्ये स्वदेशातील फाल्कनबर्ख येथे व १९९९ मध्येही ती या प्रकारात जगज्जेती झाली. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) तिने मार्ग-शर्यत, कालमापन शर्यत व वैयक्तिक पाठलाग शर्यत यांत सुवर्णपदके आणि गुण-शर्यतीत रौप्यपदक मिळविले. १ ऑक्टोबर २००३ रोजी मेक्सिको सिटी येथे तिने एका तासात ४६·०६५ किमी. अंतर कापून विक्रम केला. तो २०१५ पर्यंत अबाधित होता. अथेन्स ऑलिंपिकमध्ये (२००४) मार्ग-शर्यतीत ती कोसळून जखमी झाली. परंतु तीनच दिवसांनी तिने कालमापन शर्यतीतील सुवर्णपदक राखले. त्याच वेळी पाठलाग शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर ती निवृत्त झाली.

आपल्या आजाराविषयी तिने जाहीरपणे सांगितले आणि पुढे आहारविकारग्रस्तांच्या साहाय्यार्थ एक संस्थाही स्थापन केली. खेळाडूचे वजन किती घटवावे, या प्रश्नाच्या विचारात तिची कारकीर्द म्हणूनच उद्‍बोधक ठरते.