कल्पनेचा मेळा

सुक्कोथच्या सुटीत तेल अवीवच्या सिनेमाथेकच्या परिसरात विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्या चाहत्यांचा ‘आयकॉन’ उत्सव भरतो. विद्यार्थ्यांसमवेत आम्ही तो पाहिला. कोणी अंतराळवीराच्या वेषात, कोणी परीचे पंख लावून आले होते. वर्गात सदैव मूक बसणारा आमचा एक विद्यार्थी तेथे अनोळखी मुलांशी एका कादंबरीविषयी तासभर तावातावाने बोलत होता!

वडीलधारी मंडळी यास रिकामा उद्योग म्हणतात. परंतु हर्झल यांनी १९०२ साली ‘आल्तनॉयलांड’ या कादंबरीत भावी समाजाचे चित्र रंगविले. तिच्या हिब्रू अनुवादाचे नाव होते ‘तेल अवीव’; तेच १९१० साली या नगरीस मिळाले.

बंधुभगिनींनो, मुलांच्या कल्पनेस हसू नये. ती काय वाचतात, हे आस्थेने विचारावे.