पऱ्हाटी पेटवू नका, माती उपाशी राहते

कापसाची शेवटची वेचणी उरकली, की ढाणकी शिवारात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटतात. "वावर लवकर मोकळं होते ना, साहेब!" असे उत्तर मिळते. पण त्या धुरातून मातीच्या वाट्याचा कर्ब उडून जातो.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञ डॉ. तपस भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी देशातील मातीत सेंद्रिय कर्ब किती साठला आहे, याचा हिशेब २००० साली मांडला. हा कर्ब जमिनीत राहिला तर ओल धरतो. हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइड होऊन उष्णता वाढवतो.

दुसरी गळती युरियाची. काळ्या जमिनीत पाणी साचलेले असताना युरिया फेकला, तर त्यातील काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट उष्णता वाढवतो. म्हणजे खताचा पैसाही गेला अन् पाऊसपाणीही बिघडले.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, पऱ्हाटी बारीक करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवा. गुलाबी बोंडअळीचाही आसरा मोडेल. युरिया वापसा आल्यावर, हप्त्याहप्त्याने, मातीआड द्या. यंदा एका एकरापुरते तरी करून पाहा.