निकालाआधीचा निरोप

जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य. या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत डोकावले, तर एखाद्या दुपारी सभागृहात, आणि सभागृह नसेल तर दोन वर्गांमधले लाकडी पार्टिशन सरकवून, दहावीचा निरोप समारंभ चाललेला दिसतो. फळ्यावर रंगीत खडूंची नक्षी. टेबलावर सरस्वतीची तसबीर आणि वाऱ्याने विझणारी समई. मुली आईच्या किंवा मावशीच्या साडीत, निऱ्या सावरत. सगळी व्यवस्था नववीकडे: वर्गणी त्यांची, सूत्रसंचालन त्यांचे, वेफर्स आणि सामोशाच्या बशा वाटण्याचे कामही त्यांचेच. मनोगते सुरू झाली की पाठ करून आलेला हुशार विद्यार्थी तिसऱ्या वाक्याला अडकतो आणि वर्षभर बाकावर गप्प बसलेला मुलगा असे काही बोलून जातो की बाई पदराने डोळे टिपतात.

मग मुख्याध्यापक उभे राहतात. गेल्या पाच वर्षांच्या आठवणी ते दोन मिनिटांत आटोपतात आणि खऱ्या विषयाकडे वळतात. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर आधी पूर्ण वाचा. आसनक्रमांक अंकी आणि अक्षरी लिहा. पुरवणी बांधायला विसरू नका. आदल्या रात्री जागरण नको.

निरोपाच्या भाषणात या सूचना कशासाठी, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्या दिवशी प्रत्यक्षात काहीच संपलेले नसते. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा व्हायच्या असतात, लेखी परीक्षेला आठवडे असतात, निकालाला महिने. अमेरिकेतल्या हायस्कूलची मुले मे-जूनमध्ये गाऊन आणि चौकोनी टोपी घालून मंचावर जातात तेव्हा त्यांचे वर्ष पुरे झालेले असते. जपानी शाळेत मार्चमध्ये एकेकाचे नाव पुकारून प्रमाणपत्र हाती देतात. आपल्याकडे मात्र शाळा मुलांना निरोप देते तेव्हा त्यातले कोण पास होणार, हे शाळेलाही ठाऊक नसते. (बालवर्गातल्या पाच वर्षांच्या मुलांना गाऊन-टोपी चढवून ‘ग्रॅज्युएट’ करणाऱ्या शाळा शहरांत निघाल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे नापास होण्याची सोयच नाही.)

हा उलटा क्रम आला कुठून, याचे उत्तर शाळेत सापडत नाही. ते विद्यापीठाच्या इतिहासात आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचे इतरांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे त्याच तुकडीतले. ही परीक्षा मुळात शाळा संपल्याची नव्हतीच. विद्यापीठात कोणाला घ्यायचे हे ठरवणारी ती दारावरची झडती होती. पण पुढे दार हेच घर झाले. नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या बोलणीत, ओळख करून देताना ‘मॅट्रिक’ हे बिरुद लागू लागले, आणि शाळेने दिलेल्या शिक्षणावर शिक्का उमटवण्याचा हक्क शाळेबाहेरच राहिला.

बाहेर म्हणजे किती बाहेर? मोहनदास गांधी १८८७ मध्ये मॅट्रिक झाले. ते राजकोटच्या शाळेचे विद्यार्थी, पण आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की त्या काळी परीक्षेची केंद्रे दोनच होती, अहमदाबाद आणि मुंबई. काठेवाडातली गरीब घरची मुले जवळचे आणि स्वस्त म्हणून अहमदाबाद निवडत. गांधीही तिकडेच गेले आणि राजकोट ते अहमदाबाद हा प्रवास त्यांनी पहिल्यांदाच केला, तोही एकट्याने. अशा मुलाचा शाळेशी संबंध परीक्षेला निघतानाच सुटत असे.

मग यशाचा आनंद साजरा कोण करणार? तो मान समाजाने घेतला. डॉ. आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांच्या गौरवासाठी मुंबईत सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले, ही कथा चरित्रकारांनी सांगितलेली आहे. गंमत अशी की ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या आणि ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी स्वतः हा प्रसंग इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यानंतरचा म्हणून सांगितला आहे. प्रसंग कुठल्याही परीक्षेनंतरचा धरला, तरी एक गोष्ट दोन्ही वृत्तांतांत सारखी राहते. कौतुकाची सभा शाळेने भरवली नव्हती, ती वस्तीतल्या आणि समाजातल्या माणसांनी भरवली होती. आजही जूनमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात ते ज्ञातिमंडळांत, पतसंस्थांत, गणेशोत्सव मंडळांच्या मंडपात आणि नगरसेवकाच्या फ्लेक्सवर. त्या फ्लेक्सवर विद्यार्थ्यापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो, हा काळाचा बदल.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचा मालक बदलला. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये कायदा केला आणि विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी १९४९ पासून एसएससी आली. १९६५ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ कामाला लागले. गोव्यातली मुलेही मुक्तीनंतर काही वर्षे महाराष्ट्राचीच एसएससी देत. त्यांचे स्वतःचे मंडळ १९७५ चे. मालक बदलला, तरी शाळा आणि परीक्षा यांच्यातले अंतर तसेच राहिले. निरोप समारंभाची तारीखसुद्धा शाळा ठरवत नाही म्हटले तरी चालेल. मंडळाचे वेळापत्रक येते आणि त्यातल्या फटीत समारंभ बसवला जातो. २०२५ मध्ये लेखी परीक्षा नेहमीच्या मार्चऐवजी २१ फेब्रुवारीला सुरू झाली, तसे समारंभही अलीकडे सरकले.

निरोपांच्या या इतिहासात १९७५ हे वर्ष विलक्षण. तोवर एसएससी अकरावीला होती. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि त्या वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची अकरावी व नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी एकाच वेळी परीक्षेला बसली. शाळांमधून एका दमात दोन इयत्ता बाहेर पडल्या. एरवी धाकट्यांनी थोरल्यांना निरोप द्यायचा. त्या वर्षी धाकटेही थोरल्यांसोबत चालू लागले. जूनमध्ये हायस्कुले एका इयत्तेने रिकामी झाली आणि कनिष्ठ महाविद्यालय नावाची नवी चीज उभी राहिली. थोरला भाऊ किंवा बहीण अकरावी एसएससी आणि पाठचे भावंड दहावी एसएससी, दोघांचे वर्ष एकच, अशी घरे त्या पिढीत आहेत. पाठ्यपुस्तके मात्र वेगवेगळी, त्यामुळे थोरल्याची जुनी पुस्तके धाकट्याला वापरायला द्यायचा काटकसरीचा मार्ग त्या घरांपुरता बंद झाला होता.

शेवटचा पेपर, हा खरा निरोप असे बरीच मुले मानतात. शर्टावर शाईने सह्या घेणे, एकमेकांवर पेन झटकणे, हा दंगा त्या दिवशीचा. पण अनेकांचे परीक्षा केंद्र दुसऱ्याच शाळेत असते. त्यामुळे शाळा संपल्याचा जल्लोष परक्या शाळेच्या फाटकाशी होतो आणि तिथला शिपाई त्यांना हाकलतो. आपल्या शाळेत ही मुले पुन्हा येतात ती गुणपत्रिका आणि दाखला न्यायला, एकेकटी, खिडकीपाशी रांगेत.

२०२० च्या मुलांना तो जल्लोषही मिळाला नाही. ३ मार्चला सुरू झालेल्या परीक्षेत २३ तारखेचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यात आले. या मुलांचा समारंभ झाला होता, शेवट झाला नाही.

पुढच्या वर्षी तर परीक्षाच रद्द झाली. २०२१ च्या दहावीने शाळा पाहिली ती मोबाइलच्या पडद्यावर आणि मधल्या काही आठवड्यांत, तोंडाला मास्क लावून. निकाल ठरला तो नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठाचे २० अशा हिशेबाने. १६ जुलैला तो लागला: ९९.९५ टक्के. या आकड्यावर विनोद खूप झाले. त्यात एक गोष्ट नजरेआड झाली. १८५९ पासून जो अधिकार शाळेबाहेर होता, तो त्या वर्षी शाळेकडे आला. पोर पास की नापास हे त्याला शिकवणाऱ्या बाईंनी ठरवले. निरोप आणि निकाल एकाच दिवशी, एकाच हाताने देणे शक्य होते असे ते एकमेव वर्ष, आणि नेमके तेव्हाच चार माणसांनी एकत्र बसायला बंदी होती.

समारंभातली बरीचशी भाषणे विसरायच्याच लायकीची असतात. बोलायची संधीही बहुधा ‘अ’ तुकडीला मिळते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००२ मध्ये ‘दहावी फ’ हा चित्रपट काढला, तेव्हा शेवटच्या तुकडीकडे बोलण्यासारखे काय असते हे पडद्यावर आले. शाळांच्या व्यासपीठावर ते अजून क्वचितच येते.

टिकतात त्या दोन वस्तू. एक, शाळेला दिलेली भेट. भिंतीवरचे घड्याळ, पंखा, व्यासपीठ, पाण्याची टाकी, आणि त्यावर रंगाने लिहिलेले ‘इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’ आणि साल. पंखा बंद पडला तरी तो काढायला मुख्याध्यापक सहसा धजत नाहीत.

दुसरी वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. मूल शाळेत आले त्या दिवशी त्यात एक ओळ सुरू होते: नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. ते गेल्यावर त्याच ओळीत शाळा सोडल्याची तारीख, कारण, प्रगती, वर्तणूक भरतात. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ एवढेच लिहायची रीत आहे. छड्या खाल्लेल्यांचीही वर्तणूक चांगलीच. शाळा सोडल्याचा दाखला हा या एका ओळीचा उतारा. भाषणात कोणी या रजिस्टरचा उल्लेख करत नाही, पण पुढच्या आयुष्यात पासपोर्टपासून जात पडताळणीपर्यंत तेच कामी येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा जुन्या शाळांची कपाटे उघडली गेली. काही नोंदी मोडी लिपीत निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कोण्या मास्तराने बोरूने लिहिलेली पणजोबांची ओळ पतवंडांच्या आरक्षणाचा पुरावा ठरली.

गेल्या दशकभरात निरोपाचा दुसरा अंक सुरू झाला आहे. व्हॉट्सॲपवर वर्ग पुन्हा जमतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पन्नाशीतली माणसे शाळेत येतात, घंटा होते, प्रार्थना आणि प्रतिज्ञा होते, निवृत्त सर थरथरत्या आवाजात हजेरी घेतात. गटाचे नाव ‘दहावी १९८९-९०’ असे, म्हणजे वर्गात बसल्याच्या सालावरून. मंडळाच्या दफ्तरी त्या वर्गाचे तुकडे झालेले असतात: कोणी मार्चमध्ये सुटले, कोणी ऑक्टोबरमध्ये, कोणी बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दोन वर्षांनी, कोणाचे गणित कायमचे राहिले. निरोपाच्या दिवशी यातले काहीच घडलेले नसल्यामुळे त्या दिवसाची यादी अखंड आहे, आणि मेळाव्याचे निमंत्रण त्याच यादीप्रमाणे जाते. वाद होतो तो फक्त शाळेला काय द्यायचे यावर. पंख्यांचे दिवस गेले. वेतनेतर अनुदानाची वाट पाहणारे मुख्याध्यापक हल्ली प्रोजेक्टर सुचवतात. माजी विद्यार्थिनींचा आग्रह मुलींच्या स्वच्छतागृहाचा असतो.