रंगांच्या पेढीतून निघालेला खेळ

संगणकावरचे खेळ म्हणजे पोरांचा रिकामा उद्योग, असे वाळूजच्या बाजारात आपण सर्रास म्हणतो. परंतु एका नामांकित खेळाचे मूळ रंगांच्या व्यापारात आहे, हे कापडवाल्यांनी जाणून घ्यावे.

जपानातील आशिकागा हे विणकरांचे जुने गाव. तेथील योइची एरिकावा यांच्या घराण्याचा रंगांचा धंदा बुडाला. 1978 साली त्यांनी ‘कोएई’ ही पेढी काढली, तीही रंग विकण्यासाठीच. 1980 साली पत्नी केइको यांनी त्यांना संगणक भेट दिला. त्यावर ते धंद्याच्या कामाचे आणि खेळांचे प्रोग्रॅम लिहू लागले. 1983 साली ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ हा त्यांचा खेळ बाजारात आला.

यात सोळाव्या शतकातील जपानी सरदाराची जहागीर आपण चालवायची. नुसती तलवार कामाची नाही. तांदळाचा साठा, सोन्याची शिल्लक, नदीचे बंधारे, व्यापाऱ्याचा चढउतार भाव, सगळे सांभाळावे लागते. कर फार वाढवला की रयत बिथरते. हा तर दुकानदाराचाच हिशेब!

एरिकावांनी माल बदलला, हिशेबाची अक्कल सोबत नेली. गिऱ्हाईक आटले तर आपणही नशिबाला दोष देण्याआधी हातात दुसरा कोणता हुन्नर आहे ते तपासावे, आणि संगणकावर बसलेल्या मुलाला दटावण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी बसावे.