दुखत नसताना दवाखान्यात कोण जाणार? भिवंडीतल्या बायका आणि एका मिनिटाची कॅन्सर तपासणी

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. या धंद्यांच्या आधाराने कितीतरी बायका काम करतात, आणि त्यातलं बरंचसं काम रोजावर किंवा नगावर असतं. अर्धा दिवस दवाखान्यात गेला की अर्ध्या दिवसाची कमाई गेली. ताप आला तर बाई जाते. काहीच होत नसताना कशाला जाईल?

गोची इथेच आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर 'काहीच होत नसताना' पकडायचा असतो. तो होतो एचपीव्ही या विषाणूमुळे. संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा वेळ हातात असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधीतरी झाली होती. शंभरात दोनसुद्धा नाहीत!

तपासणी महागडी असेल असं वाटतं ना? तसं नाही. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावतात आणि एक मिनिट थांबतात. गडबड असेल तर तो भाग पांढरा दिसतो. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं अजिबात नाही. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

हे चालतं की नाही, हे शोधलं गेलं भिवंडीपासून चाळीसेक किलोमीटरवर. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या महिलांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ मध्ये निकाल आला: या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. वादही झाला, कारण तुलनेसाठी निम्म्या महिलांना तपासणीऐवजी फक्त आरोग्य शिक्षण मिळालं होतं. तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गरीब वस्तीतली बाईच अशा तुलनेत का सापडते, हा प्रश्न उरतोच.

आता याला जोडून दुसरा अभ्यास बघा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने, १ लाख ३१ हजारांवर महिलांवर तो झाला. तिथे हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली, आणि मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मात्र मृत्यू जवळपास निम्मे झाले.

म्हणजे स्वस्त तपासणी पुन्हा पुन्हा हवी, किंवा एकदाच करायची तर चांगली हवी. मंडप टाकून, फोटो काढून झालेल्या एका शिबिराने फारसं काही होत नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरलेली आहे. पण वस्ती भाडेकरूंची, कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. पाच वर्षांनी तीच बाई त्याच खोलीत सापडेल का?

समजा सापडली आणि काही निघालं. मोठ्या उपचारांसाठी परळचं टाटा. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे, त्यामुळे मुंबईची थेट लोकल नाही. आधी बस किंवा रिक्षाने ठाणे नाहीतर कल्याण गाठायचं, मग लोकल. सोबत कोणीतरी लागतं, म्हणजे आणखी एक रोज बुडाला. तपासणी फुकट आहे, हे अर्धंच खरं आहे.

२०२२ मध्ये गोवरची साथ आली तेव्हा भिवंडीत आरोग्य कर्मचारी लसीकरणासाठी घरोघरी फिरले होते. त्याच दारांवर या तपासणीसाठीही जाता येईल, फक्त तपासणारी बाई असावी, आडोसा असावा आणि वेळ कामावरून सुटल्यानंतरची असावी. तोवर घरात कुणी तिशीपुढची असेल, तर जवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासणीचा वार कोणता ते विचारा, आणि पुढची तारीख कागदावर लिहून घ्या.